आईपासून झाकलेलं डोकं

"हे केस गळणं नाही ताई, हा आजार आहे," असं म्हणत त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा कागद माझ्याकडे फिरवला. बायोप्सी म्हणजे कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून तपासणं. कागदावर लिहिलं होतं, लायकेन प्लॅनोपायलॅरिस. मी दोनदा वाचलं, तरी जिभेवर बसेना. मग मॅडमनी सोपं करून सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते, मुळाभोवती सूज येते, मूळ मरतं आणि तिथे व्रण राहतो. व्रणावर पुन्हा केस येत नाही.

"केसांच्या ट्रान्सप्लांटच्या आधी कुणी बायोप्सी केली नव्हती?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या की आजार जागा असताना तिथे केस लावायलाच नको होते, कारण जुन्या केसांचं जे झालं तेच लावलेल्यांचंही होणार होतं. आणि वरून पॅच, म्हणजे खोट्या केसांचा तुकडा, चिकटवल्यामुळे ते कुणाला दिसलंही नाही.

हे ऐकत होते तेव्हा माझी आई त्याच हॉस्पिटलात तीन मजले वर पडून होती. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. मी तिच्या सोबतीला आले होते, पेशंट म्हणून नाही. पण पॅचखाली इतकी आग व्हायची की मी पेनाच्या टोकानं आत खाजवत बसायची. वॉर्डातल्या डॉक्टरनं ते पाहिलं, मानेवर आलेलं पाणी पाहिलं आणि मला जवळजवळ ढकलूनच खालच्या ओपीडीत पाठवलं.

मी हे लिहिते आहे ते केसांसाठी कमी आणि आईसाठी जास्त. पण ओळीनं सांगते, नाहीतर माझ्या नेहमीच्या बोलण्यासारखं व्हायचं, शेंडा ना बुडखा.

मी वंदना. वर्ध्याजवळ नालवाडीला राहते. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माहेर रोहण्याचं. तिथे आई, भाऊ सुधाकर आणि वहिनी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तोंडानं मी फटकळ. गिऱ्हाइकाला "बाई, माप तेच आहे, तुम्ही वाढल्या" असं सरळ सांगते. दुसऱ्याचं काही लपत नाही माझ्याजवळ. स्वतःचं मात्र मी असं लपवलं की विचारू नका.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी भांग रुंद व्हायला लागला. माझ्या खोलीत माप घ्यायला उभा आरसा आहे, त्यामुळे दिवसभर स्वतःचं डोकं डोळ्यांसमोर. आधी वाटलं वय झालं. पण नुसते केस जात नव्हते, भांगात आगही व्हायची. ठेचा कुटल्यावर हात लागावा तशी. मी तेलं बदलली. कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस लावला आणि दोन दिवस उशीला डोकं टेकवता आलं नाही. भांगाजवळची कातडी गुळगुळीत दिसायला लागली होती. केसाचं छिद्रसुद्धा दिसत नव्हतं. ही खूण होती, पण मला कुठे मालूम.

नागपूरच्या एका क्लिनिकात गेले. नाव लिहीत नाही, लिहून काय उपयोग. त्यांनी कॅमेरा फिरवून पडद्यावर डोकं दाखवलं आणि सांगितलं, फीमेल पॅटर्न हेअर लॉस. म्हणजे बायकांचे केस भांगाकडून विरळ होत जातात तो नेहमीचा प्रकार. उपाय सांगितला तो दोन्ही मिळून. पुढची कपाळाकडची रेघ ट्रान्सप्लांटनं भरायची, कारण पॅच लावला की कपाळाजवळची त्याची किनार लोकांना ओळखू येते. आणि मागे टाळूवर पॅच. डोक्याच्या मागच्या भागातून काढता येतील एवढे केस सगळीकडे पुरत नाहीत म्हणून. तिथली काउन्सेलर बाई म्हणाली, पुढे तुमचे, मागे आमचे, कुणाच्या बापाला कळणार नाही. मला ते फार आवडलं.

त्यांनी एक फॉर्म भरून घेतला होता. खाज, आग, दुखणं, असं काही आहे का? मी सगळीकडे नाही लिहिलं. हो लिहिलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील याची धास्ती होती. क्लिनिकची चूक मी आजही सांगते, पण हा फॉर्म माझ्या हातानं भरलेला होता.

ऑपरेशन पितृपक्षात केलं, कारण तेव्हा ब्लाउजचं काम मंद असतं. मागच्या केसांखालची एक पट्टी भादरली. भुलीच्या सुया टोचल्या, त्या लागतात, नाही लागत म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग मान खाली घालून एकेक मूळ काढणं, आणि दुपारनंतर उताणं झोपवून एकेक मूळ पुढे रोवणं. दिवस गेला. घरी येताना ह्यांनी डोक्यावर सैल ओढणी धरली होती. मला गाडीत रडताना पाहून ते म्हणाले, "दुखून राह्यलं का?" दुखत नव्हतं. मी आनंदानं रडत होते.

लावलेले केस महिन्याभरात गळतात. त्याला शॉक लॉस म्हणतात, मूळ आत राहतं आणि वरचा केस पडतो. ते आधी सांगितलेलं असूनही मी घाबरले. पाचव्या महिन्यात कपाळावर बारीक लव आली. पॅच तयार होऊन आला, तो क्लिपांनी माझ्या उरलेल्या केसांत अडकवायचा. पुढे माझे केस, मागे तो. अल्लीपूरला एका लग्नात मी पदर न घेता, वेणी पुढे टाकून गेले. आरशात पाहिलं की वाटायचं, मी परत आले.

नवव्या महिन्यापासून पुढची रेघ पुन्हा फाटायला लागली. क्लिपा धरायला केस राहिले नाहीत, म्हणून टेप आला, टेप सरकायला लागला म्हणून गोंद. दर तीन आठवड्यांनी गोंद काढायचं औषध लावून पॅच सोडवायचा, धुवायचा, परत चिकटवायचा. आग वाढली. मी म्हणायची गोंदाची आहे. क्लिनिकवाले म्हणाले औषध लावत राहा, येतील.

आता आईचं सांगते. आमच्या घरी भाऊबीजेच्या सकाळी आई अंगणात पाट मांडते आणि लेकीच्या डोक्यात कोमट तेल जिरवते. आधी लेक, मग बाकीचे. माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली, पण ऑपरेशनपर्यंत हे कधी चुकलं नव्हतं. तिच्या बोटांना माझ्या डोक्याची सगळी वळणं पाठ. लहानपणी माझे केस गुडघ्यापर्यंत होते आणि गावात कुणी वाखाणले की ती लगेच माझी दृष्ट काढायची. तिच्या हाती हे डोकं कसं द्यायचं?

पहिल्या दिवाळीला केस रोवलेली जागा अजून लाल होती, चोळायचं नाही असं बजावलं होतं. मी आईला सांगितलं, शिलाईच्या ऑर्डरी आहेत, येणं होत नाही. भाऊबीजेला सुधाकरच नालवाडीला येऊन गेला. दुसऱ्या दिवाळीला पॅच क्लिपांवर होता, तिसऱ्या दिवाळीला गोंदावर. दोन्ही वेळा ऑर्डरीच सांगितल्या. मधे कधी गेले तर सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. डोक्यावरचा पदर हलू द्यायची नाही. एकदा आईनं दारातच बोटं मोडायला हात वर केले, तर मी अशी मागे झाले की तिचे हात तसेच राहिले. मी म्हटलं घाम आला आहे, हात नको लावू. ती पाणी आणायला आत गेली.

हे मला कितीदा म्हणाले, "तुह्या मायले तरी सांगून टाक एकडाव." मी ऐकलं नाही. आई रडेल, मग साऱ्या रोहण्याला सांगत फिरेल, असं मी म्हणायची. खरं कारण ते नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी अजून त्या केसांची होते, आणि तेवढी एकच जागा उरली होती जिथे मी तशी होते.

फोनवर ती दर वेळी विचारायची, "काऊन नाई येत वं?" आणि मी दर वेळी नवी थाप मारायची.

यंदा उन्हाळ्यात सकाळीच सुधाकरचा फोन आला, आईचं तोंड वाकडं झालं. गाडी करून वर्ध्याला आणलं. सीटी स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली आहे, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. बोलणं जातं त्याला अफेजिया म्हणतात. जीभ जागेवर असते, पण शब्द सापडत नाहीत. "आणि ऐकलेलं किती पोचतं, हे आत्ता सांगता येणार नाही," असंही ते म्हणाले. पाच दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले. मग तिला वॉर्डात हलवलं.

वॉर्डातल्या तिसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन आली. आम्ही जिन्याजवळ उभ्या होतो. ती जरा अडखळली आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका. आईले वाटे का तुम्ही वावरासाठी रागावल्या. सही केली अन् तवापासून दिवाळीले याचं बंद केलं."

मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलते. मग आठवलं. त्या पहिल्या दिवाळीच्या आधी, वैशाखात, मी आर्वीला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. वडिलांच्या शेतीतला लेकीचा हिस्सा भावाच्या नावे सोडायचा तो कागद. मी हसत सही केली होती, वर भावाकडून रसवंतीत रस उकळला होता. माझ्या मनात त्याचं काहीच नव्हतं. पण सही वैशाखात आणि माझं येणं बंद दिवाळीपासून. गावानं हिशोब जुळवला, आईनंही जुळवला. मी शिवणाऱ्या हातांची बाई, मला ही दोन टोकं जुळलेली दिसली नाहीत.

वहिनीनं पुढे सांगितलं. आई दोन वर्षं सुधाकरच्या मागे लागली होती, पोरीचं पोरीले देऊन टाक. तो म्हणायचा, तिनं मागावं मग देतो. माय-लेकांचं बोलणं जवळजवळ तुटलं होतं. झटका यायच्या आठवडाभर आधी आई कुणाला न सांगता एसटीनं आर्वीला गेली आणि लिखापढी करणाऱ्याला विचारून आली, की हा कागद परत फिरवता येतो का.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. डबा हातात तसाच. एका वाक्याचं काम होतं. आई, माझे केस गेले. बस, एवढंच.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, या त्रासानं झालं का तिला हे? ते म्हणाले, बीपीची गोळी कित्येक महिने बंद होती, त्यानं झालं, तुम्ही स्वतःवर घेऊ नका. चांगले होते ते. पण गोळी बंद आहे हे माझ्या लक्षात आलं असतं, मी घरी दोन दिवस राहिले असते तर. तिच्या उशाजवळचा गोळ्यांचा डबा मीच भरून द्यायची आधी.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या वॉर्डातल्या डॉक्टरनं मला खाली पाठवलं. बायोप्सी झाली, टाके पडले, आणि आठवड्यानं तो कागद हाती आला जिथून मी सुरुवात केली. मॅडमनी गोंद त्याच दिवशी बंद करायला लावला. तिथल्याच नर्सनं औषध लावून पॅच सोडवला. खाली काय होतं ते मी वर्णन करत नाही. कपाळावर लावलेल्या केसांपैकी थोडे उभे होते, बाकी गुळगुळीत.

पॅच पिशवीत घातला, ओढणी घेतली आणि वर गेले. दुपारची वेळ. आईच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला. ओढणी काढली आणि तिच्यापुढे डोकं वाकवलं. म्हटलं, "आई, वावराचं काई नाई. हे होतं. तुले दाखवाची लाज वाटे मले." ती बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून पोटभर रडले. तिचा डावा हात माझ्या पाठीवर होता. मला वाटलं झालं, कळलं तिला, सुटलो आपण दोघी.

संध्याकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना आनंदानं सांगितलं. ते जरा थांबले. म्हणाले, स्ट्रोकनंतर रडू आपोआपही येतं, कारण नसताना. तुमचं बोलणं पोचलं असेलही, नसेलही.

सुधाकर आला तेव्हा मी ओढणी घेतली नाही. त्यानं डोक्याकडे पाहिलं, मग वहिनीनं त्याला बाहेर नेऊन सांगितलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "अवं, इतलंच होतं का?" एवढंच म्हणाला आणि आईच्या पायाशी बसला. मोठा धिप्पाड माणूस, पण आईचे पाय चेपता चेपता रडत होता.

माझ्या आजाराचं थोडक्यात सांगते, कुणाला उपयोगी पडेल. डोक्यात दर महिन्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं घेते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी आहे, ती मलेरियालाही देतात. ती घेताना डोळे तपासून घ्यावे लागतात. गेलेले केस यातून येत नाहीत, आहेत ते राखायचे. पुन्हा ट्रान्सप्लांट करता येईल का, तर मॅडम म्हणतात आजार कित्येक महिने पूर्ण निजलेला दिसला तर विचार करू, आशा धरू नका. ट्रान्सप्लांट आणि पॅच मिळून करण्यावर माझा राग नाही. दुसऱ्या कुणाला त्यानं सुख मिळेल, मलाही चार महिने मिळालं. पण डोक्यात आग होत असेल, कातडी गुळगुळीत होत असेल, तर आधी त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जा, बायोप्सीला घाबरू नका आणि फॉर्मवर खरं लिहा.

आता मी सुती रुमाल बांधते. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं माप देताना वर बघत नव्हती. एकीनं विचारलं कॅन्सर आहे का. मी म्हटलं, नाही बाई, टक्कल आहे. मग ती हसली, मीही हसले. हे इतकं सोपं निघालं याचाच मला राग येतो.

आई आता नालवाडीला माझ्याजवळ आहे. काठी धरून चार पावलं टाकते. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपीला नेते. थेरपिस्ट मुलगी फार गोड आहे, तिचे उपकार आहेत माझ्यावर. सुरुवातीला आई कशालाही हो अशी मान हलवायची. मी रोज विचारायची, आई, केसांचं कळलं ना तुले? ती मान हलवायची, हो. मी खूश. मग त्या मुलीनं मला समजावलं, काकू, त्या सगळ्यालाच हो म्हणतात. खरंच कळतंय का पाहायचं असेल तर चुकीचं विचारा. मी आईला विचारलं, तुझं नाव गंगूबाई का? तिनं हो म्हटलं. कप दाखवून विचारलं, हे केळं का? हो.

तीन महिने आम्ही घासलं. कप, केळं, चमचा, माझं नाव, तिचं नाव. गेल्या पंधरवड्यात एका सकाळी मी कप दाखवून म्हटलं, हे केळं? आणि आईनं नाही अशी मान हलवली. चिडूनच हलवली. मी परत विचारलं, तुझं नाव गंगूबाई? नाही. मी वंदनाच का? हो. सगळं बरोबर. मी ह्यांना ओरडून बोलावलं, थेरपिस्टला फोन केला.

मग मी तिच्यापुढे बसले. एकच प्रश्न होता, ज्याच्यासाठी मी तीन महिने केळी दाखवत होते. मी हळू, एकेक शब्द सोडवून विचारलं, "आई, मी वावरासाठी रागावली होती का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चांगला विचार केला तिनं, मला दिसत होतं. मग तिनं मान हलवली. हो. आणि डाव्या हातानं माझा हात थोपटला. जाऊ दे, तुझं काही चुकलं नाही, असं म्हणत असावी तसा.

मी रुमाल सोडला, तिच्याजवळ सरकले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.